नऊ लोट्या आणि सोनगीरची परात

१९६८ सालच्या उन्हाळ्यात आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम जळगावला, दलिचंद शेठच्या डाळमिलच्या आवारात होता. शेठजी नाटकवेडे. मिलच्या मागचं रिकामं गोदाम त्यांनी आम्हाला दोन महिने राहायला दिलं होतं, आणि त्यात आम्ही पडदे, पेट्या, मुकुट, गदा आणि चौदा माणसं अशी सगळी कोंबली होती. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या नायकाची आई करत होते. रात्री तीन अंक रडायचं आणि दिवसा झोपायचं, असा माझा संसार.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी आवारात हातगाडी शिरली. गाडीवर गवतात गुंडाळलेलं काहीतरी अवाढव्य गोल होतं. मागून एक धोतरवाला माणूस आणि दोन वेण्यांची एक सडपातळ मुलगी. माणसानं गवत ओढून काढलं, आणि मी डोळ्यांवर हात धरला. तांब्याची परात होती ती. चार फूट रुंद, वीतभराहून जास्त खोल, बाहेरून नुसती पेटलेली. आमच्याकडे दरबाराच्या प्रवेशाला सोनेरी कागदाचं सिंहासन होतं. त्या परातीपुढे ते खेळणं वाटलं असतं.

आमचे विनोदी नट झुलालभाऊ दात घासत बाहेर आले. म्हणाले, "ताई, यात जिलब्या तळणार का?"

"नाही भाऊ," मुलगी म्हणाली. "ऊन किती पाणी पितं ते मोजणार."

"आणि पोट भरलं म्हणजे ऊन सांगायला येतं वाटतं?"

"ते सांगत नाही, म्हणून तर मोजायचं."

झुलालभाऊ हार मानून चूळ भरायला गेले. असं मी फार क्वचित पाहिलं होतं. त्या क्षणी ती मुलगी मला आवडली.

तिचं नाव कुंदा. सोनगीरच्या जीवराम तांबटांची मुलगी. सोनगीरच्या किल्ल्याखाली तांबटांची आळी आहे, तिथे पहाटेपासून हातोड्या चालतात. कुंदा सांगायची की आकडे ती शाळेत शिकलीच नाही. आबा एका घागरीला किती ठोके देतात ते मोजत ती हजारापर्यंत पोचली होती. पुढे रोज एस.टी.नं बारा मैल धुळ्याला जाऊन ती सायन्स शिकू लागली. वर्गात मुलं अडतीस आणि मुली दोन.

त्या वर्षी तिथल्या अभिमन पाटील सरांनी एक नवीन टूम काढली होती. बी.एस्सी.च्या पोरांनी उन्हाळ्याची सुट्टी लग्नांच्या पंगतीत न घालवता खरंखुरं संशोधन करायचं. गिरणा नदीवर तेव्हा मोठ्या धरणाचं काम चाललं होतं. सरांचं म्हणणं असं की धरणात पाणी किती साठेल ते सगळे सांगतात, पण चैत्र-वैशाखात त्यातलं किती ऊनच पिऊन जाईल, ते खानदेशात कोणी मोजलंय? म्हणून तीन ठिकाणी तीन पराती ठेवायच्या. धुळ्याला आणि शिंदखेड्याला दोन मुलगे, आणि जळगावला कुंदा, कारण तिची आत्या जुन्या जळगावात राहायची. पंधरा एप्रिल ते पंधरा जून, एकही दिवस न चुकता.

तिन्ही पराती जीवरामआबांनीच ठोकल्या होत्या, आतून कल्हई करून. सरांनी बाहेरून पांढरा रंग द्यायला सांगितलं होतं. ते मात्र आबांनी ऐकलं नाही.

"तांबाले रंग?" ते मला त्यांच्या खानदेशीत म्हणाले. "नवरीना तोंडले चुना लावतस का कोनी?"

सरांनी हात टेकले. तिन्ही पराती बिनरंगाच्या म्हणजे तिन्ही सारख्याच, असं म्हणाले. हा रंग न दिल्यामुळे पुढे काय घडलं ते ऐका.

परात आवाराच्या मधोमध लाकडी चौकटीवर बसवली. वरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, कुत्र्यामांजरांनी तोंड घालू नये म्हणून. आत एका बाजूला पितळी नळी, आणि तिच्यात सुईसारखं टोक. सकाळी साडेआठला कुंदा यायची. रात्रभरात आणि आदल्या दिवसभरात पाणी त्या टोकाच्या खाली गेलेलं असायचं. मग ती एका पितळी मापानं पाणी ओतायची, पाणी बरोबर टोकाला टेकेपर्यंत. एक माप म्हणजे परातीत एक मिलिमीटर. जितकी मापं ओतली, तितकं पाणी कालपासून उन्हानं प्यायलं. ते वहीत लिहायचं. इतकं सोपं.

पण काय सांगू, तो प्रवेश बघायला मी झोप मोडून उठू लागले. ती चपला काढून ठेवायची. परातीपाशी वाकायची, एक डोळा मिटून टोकाकडे बघायची. मग माप भरून हळूच, शिंतोडा न उडवता ओतायची आणि ओठांतल्या ओठांत आकडा पुटपुटायची. शेवटचं पाणी टोकाला शिवलं की श्वास सोडायची. मी तिच्याबरोबर सोडायचे. आमच्या दिग्दर्शकांनी वर्षानुवर्षं ओरडून जी एकाग्रता मला शिकवली नाही, ती या पोरीनं फुकट दाखवली. घंटेच्या बाबतीत तर ती आमच्याहून कडक. एकदा आत्याकडे पापडाचा घाट होता, तर ती पिठाच्या हातांनीच धावत आली, पण साडेआठ चुकवले नाहीत.

"अक्का," ती मला म्हणायची, "हा आकडा आजवर कोणालाच माहीत नव्हता. आत्ता, या मिनिटाला, फक्त मला माहीत आहे."

"आणि मला," मी म्हणायचे.

"आणि तुम्हाला," ती हसून म्हणायची.

तर आकडे. पहिल्या दिवशी सहा. मग साडेसहा, सहा, सात. दर रविवारी ती आठवड्याचे आकडे पोस्टकार्डावर सरांना पाठवायची. एप्रिल संपत आला, आवारातली माती पायाला चटका देऊ लागली, तरी आकडा सहा-सातच. आणि मग एकदम दोन दिवस आले आखाजीचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते, झाडाला झोके बांधते, गाणी म्हणते. कॉलेजच्या मुली काय आणि सासुरवाशिणी काय, सगळ्या एस.टी.च्या टपावर बसायलाही तयार. कुंदाला सोनगीरहून निरोप आला होता, झोका बांधलाय म्हणून. ती गेली नाही. परातीला सुट्टी नाही, म्हणाली. आणि आखाजीच्या त्या दोन दिवसांचे आकडे आले चौदा आणि साडेचौदा. तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा.

ती वही घेऊन माझ्यापाशी बसली. चेहरा उतरलेला.

"काहीतरी चुकलंय, अक्का. सहा-सातांच्या मध्ये हे दोन कसे आले?"

मी माझ्या धंद्यातलं शहाणपण सांगितलं. "अगं, रंगमंचावर एखाद्याचं वाक्य चुकलं तर आम्ही काय करतो? सांभाळून घेतो. प्रेक्षकाला कळतसुद्धा नाही. हे दोन खोड, तिथे सहा आणि सात लिही. कोण बघायला येतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, जरा नवलानं.

"अक्का, त्या दिवशी मी चौदा मापं ओतली. खांदा दुखत होता माझा. ते खोटं कसं लिहू?"

आज कबूल करते, मला थोडी लाज वाटली आणि थोडा रागही आला.

मग मेच्या मध्यावर एक ढगाळ, घुसमटलेला दिवस आला. पाऊस थेंबभरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा परातीवर वाकली आणि तशीच राहिली. पाणी टोकाच्या वर होतं. कमी व्हायचं सोडून वाढलं होतं.

झुलालभाऊ बघून गेले. म्हणाले, "जळगावात पाऊस झाला, पण फक्त परातीत. देवाकडे ढगाऐवजी झारी दिसते."

कुंदा हसली नाही. तिनं एक माप पाणी काढून ते टोकाशी आणलं, जे दिसलं ते लिहिलं आणि कळवलं. चार दिवसांनी सरांचं पोस्टकार्ड आलं. मला ते अजून पाठ आहे, कारण तिनं ते मला तीनदा वाचायला लावलं. 'जळगावचे आकडे धुळे व शिंदखेड्याच्या निम्मेच येत आहेत. एके दिवशी तर पाणी वाढले आहे. जळगावात ऊन कमी पडते असे मी आजवर ऐकलेले नाही. परातीपाशी न जाता घरी बसून आकडे लिहिले जात असतील तर तसे स्पष्ट कळवावे. शनिवारी येतो. वही पाहून जळगावचे केंद्र बंद करायचे की कसे, ते ठरवू.'

ती रडली नाही. मी असते तर तिसऱ्या अंकासारखी रडले असते. ती फक्त म्हणाली, "मी घरी बसून लिहिते असं वाटलं त्यांना." आणि वही छातीशी धरून बसून राहिली. पस्तीस-छत्तीस दिवस झाले होते. आखाजी सोडली होती. आणि आता ती वही खोटी ठरणार होती, आणि तिच्याबरोबर ती स्वतः.

तिनं सोनगीरला निरोप धाडला. शुक्रवारी सकाळी जीवरामआबा पहिल्या गाडीनं हजर. आले ते थेट परातीपाशी. खाली आडवे झाले, बुडाशी कान लावला, सगळ्या सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"मनं भांडं गयत नही," ते उठून म्हणाले.

"आबा, गळालं असतं तर पाणी जास्त गेलं असतं," कुंदा म्हणाली. "आपलं तर जातच नाही."

आबांनी परातीच्या काठावर टिचकी मारली. मग म्हणाले, "म्हंजे कोनी तरी टाकस."

इतकं साधं. कोणीतरी पाणी टाकतं. आम्ही महिनाभर पाणी कुठे जातं तेच शोधत होतो. येतं कुठून, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुंदाचे डोळे एकदम मोठे झाले.

"सकाळी मी इथे असते. रात्री तुमचं सामान येतं-जातं, कोणी ना कोणी जागं असतं. अक्का, दुपारी इथे कोण असतं?"

दुपारी कोणीच नसायचं. मिल दोन तास बंद, पहारेकरी पोत्यांवर आडवा, आम्ही नटमंडळी मेल्यासारखी झोपलेली. चव्वेचाळीस डिग्रीत कुत्रंसुद्धा आवार ओलांडत नसे.

माझ्या अंगात उत्साह संचारला. नवा रंग देऊन वाळत घातलेला आमचा जंगलाचा पडदा आवारात दोरीवर लटकत होता. त्याच्यामागे आम्ही चौघं दडून बसलो: कुंदा, आबा, झुलालभाऊ आणि मी. पडद्यावरच्या आभाळात चंद्रासाठी एक भोक होतं, मागून दिवा धरायला. झुलालभाऊंनी स्टुलावर चढून त्या भोकाला डोळा लावला. भर दुपारी चंद्राच्या जागी झुलालभाऊंचा डोळा. माझ्या उभ्या आयुष्यात त्या पडद्यामागे मला इतकी धडधड कधी झाली नव्हती.

दोन वाजले असतील. जाळी मधोमध जरा लवली होती, त्या खळग्यात चिमण्या येऊन बसत आणि माना खाली घालत. पण सकाळपासून पाणी इतकं खाली गेलं होतं की चोची पोचेनात. त्या जाळीवर चोची आपटत होत्या. आणि मग आवाराला लागून असलेल्या शेठजींच्या घराचं मागचं दार उघडलं.

"कोण?" मी खालून विचारलं.

झुलालभाऊ कुजबुजले, "मेलो. शेठजींची आई. आता चोर धरायचा की गोदाम वाचवायचं ते ठरवा."

धनकुंवरबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, नाकापर्यंत पदर, अनवाणी, चटक्यानं टाचा उचलत चालणाऱ्या. मागून मोलकरीण घागर घेऊन. महिनाभरात मी त्यांना दारापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. परपुरुषांसमोर त्या येत नसत. त्यांनी लोटीच्या तोंडावर फडकं धरलं, पाणी गाळून घेतलं आणि जाळीतून परातीत ओतलं, हळूच, एकही शिंतोडा न उडवता. ओठ हलत होते. मग दुसरी लोटी. तिसरी.

मी कुंदाला ढोसलं. थांबव त्यांना, असं खुणावलं. पण कुंदा हलली नाही. तिचेही ओठ हलत होते. ती मोजत होती.

नववी लोटी झाली. बाईंनी हात जोडले. तेव्हा कुठे कुंदा पडद्याबाहेर गेली. पुढे कधी मी तिला विचारलं, मधेच का नाही अडवलंस? तर म्हणाली, "अडवलं असतं तर त्या दिवशी किती पडलं ते कळलं नसतं."

बाई दचकल्या, पण तिला पाहून खूश झाल्या.

"आलीस का? मी म्हणतच होते, ही पोरगी दुपारची का येत नाही. सकाळी तू घालतेस, दुपारी कोण घालणार? पाखरं तहानेनं मरतील."

"आजी, तुम्ही रोज घालता?"

"तू आलीस त्या दिवसापासून. मी माडीवरून बघते ना तुला. चपला काढून, मंत्र म्हणत घालतेस. किती चांगल्या घरची मुलगी, मनात म्हटलं. इतकं मोठं तांब्याचं भांडं पाखरांसाठी कोण ठेवतं?"

"मंत्र नाही आजी. मी मोजत असते."

"मग? मंत्रसुद्धा मोजूनच म्हणायचा असतो."

पडद्यामागे झुलालभाऊंनी तोंडात पंचा कोंबला.

बघा, चूक कोणाची म्हणायची? वैशाखात पाखरांना पाणी ठेवणं हे त्यांच्या जैन घरातलं पिढ्यांचं पुण्य. तांब्याचं झळझळीत भांडं, कोवळी मुलगी, अनवाणी पाय, पुटपुटणारे ओठ. पांढरा रंग फासलेलं सरकारी पिंप असतं तर त्या फिरकल्याही नसत्या. जीवरामआबांच्या तांब्यानं त्यांना बोलावून आणलं होतं.

कुंदानं वही पुढे घेतली. "आजी, रोज किती लोट्या?"

"नऊ. नवकार मंत्राची नऊ पदं. पदाला एक लोटी."

"रोज नऊच? कधी आठ, कधी दहा?"

बाईंनी पदर थोडा वर केला. पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे पाहिले. "पोरी, नेम आहे माझा. घालून झाल्याशिवाय मी दुपारचं जेवत नाही. नेमात कमी-जास्त कसं होईल?"

"एकदाही चुकलं नाही?"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोन दिवस चुकलं. आखाजीला पाचोऱ्याला भाचीचं लग्न होतं. सुनेला सांगून गेले होते, ती विसरली. तेवढी खोट लागली माझ्या नेमाला."

कुंदा तिथेच मातीत बसली, त्या तापलेल्या मातीत. वही उघडली आणि पानावर बोट ठेवलं. आखाजी. चौदा. साडेचौदा. मग ती मान वर करून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही पडद्याबाहेर आले. आबाही आले, बाईंनी पदर खाली ओढला, झुलालभाऊ स्टुलावरून पडले. एकच गोंधळ.

आबांची नजर मात्र लोटीवर होती. त्यांनी मोलकरणीकडून ती मागून घेतली, उलटी केली, बुडाशी अंगठा फिरवला.

"हाई लोटी मना बापनी ठोकेल शे," ते म्हणाले. त्यांच्या बापाच्या हातची होती ती. मग कुंदाचं पितळी माप दुसऱ्या हातात धरलं, दोन्ही तोलली, डोळे मिटले. "नऊ लोट्या म्हंजे आठ मापं."

ओतून पाहिलं. नऊ लोट्यांत आठ मापं भरली, काठोकाठ. मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, एकटीनं, आवारात उभं राहून. दोन हजारांवर प्रेक्षकांनी माझ्यासाठी वाजवल्या असतील, पण मी स्वतः मनापासून वाजवल्या त्या तेवढ्याच.

शनिवारी अभिमन सर आले. उंच, कडक, धुळ्यात स्टँडवर जाताना लावलेल्या सायकलच्या क्लिपा अजून पायजम्याला. त्यांनी चहा घेतला नाही, आधी वही मागितली. कुंदानं सगळं सांगितलं, काही न सजवता. सरांनी स्वतः नऊ लोट्या मोजून पाहिल्या. मग पेन्सिल काढून प्रत्येक आकड्यात आठ मिळवत गेले. सहाचे चौदा झाले. साडेसहाचे साडेचौदा. ज्या ढगाळ दिवशी पाणी एक माप वाढलं होतं, त्याचे सात झाले, आणि त्या दिवशी धुळ्यालाही सात-आठच होते. पण सर थांबले.

"हे जुळतं," ते म्हणाले. "पण बाई रोज नऊच घालत होत्या हे कशावरून? उद्या कोणी विचारलं, तर मी काय सांगू? नेम आहे म्हणून?"

दाराआडून बांगड्या वाजल्या. दलिचंद शेठ आत गेले आणि अवघडून बाहेर आले. "आई म्हणते, मास्तरांना सांग, मी सत्तर वर्षांत खोटं मोजलं नाही."

सर ओशाळले. कुंदानं वही त्यांच्यापुढे पुन्हा सरकवली आणि त्या दोन ओळी दाखवल्या.

"सर, आखाजीला आजी गावात नव्हत्या. त्या दोन दिवशी परातीत कोणी पाणी घातलं नाही. हे आकडे नुसत्या उन्हाचे आहेत. चौदा आणि साडेचौदा. बाकीच्या दिवसांत आठ मिळवले की ते याच्याच शेजारी येऊन बसतात. आजींनी कधी सात घातल्या असत्या, कधी अकरा, तर हे असं जुळलं नसतं."

सरांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एवढे वेगळे आकडे. खोडावेसे वाटले नाहीत?"

कुंदानं हळूच माझ्याकडे पाहिलं. "कोणी कोणी सुचवलं होतं, सर."

मी पडद्याचा रंग वाळला का ते बघायला गेले.

परत आले तेव्हा नवाच पेच उभा होता. सरांनी शेठजींकरवी निरोप धाडला होता की आजपासून परातीत पाणी घालू नये. आबांनी लगेच सांगितलं की पाखरांसाठी वेगळं छोटं भांडं मी ठोकून देतो. पण दाराआडून उत्तर आलं: नेम या परातीचा घेतला आहे, पाऊस लागेपर्यंतचा. दुसऱ्या भांड्याला तो चालत नाही.

शेठजी घामाघूम. आईला मोडता येत नाही आणि मास्तरांनाही.

कुंदा म्हणाली, "सर, मोजलेलं पाणी परातीत घालायला हरकत कुठे आहे? मी रोज सकाळी घालतेच. आजी दुपारी घालतात. त्यांचंही लिहू."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. पट्टी मागून घेतली आणि वहीच्या उरलेल्या सगळ्या पानांवर स्वतः एक उभी रेघ ओढली. नव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: 'दुपारी वाढवलेले पाणी'. मग माझ्याकडचा चहा मागून प्यायले, दोन कप.

"मी तुम्हाला ते पोस्टकार्ड लिहायला नको होतं," निघताना ते तिला म्हणाले. एका प्राध्यापकानं एकोणीस वर्षांच्या मुलीला असं म्हणणं, त्या काळात, तुम्ही समजून घ्या.

त्यानंतरचे चोवीस दिवस काय सांगू. रोज दुपारी दोनला ती उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभी, शेजारी धनकुंवरबाई. एक ओतते, एक लिहिते, दोघींचे ओठ हलतात. मीही जाऊन छत्री धरू लागले. माझी दुपारची झोप गेली, रात्री नायकाच्या मांडीवर मरताना खरोखरच डुलकी लागायची, आणि लोक म्हणायचे बाई काय जिवंत मरतात.

पुढे कुंदा काही मोठी झाली नाही, म्हणजे पेपरात नाव येण्याइतकी. बी.एस्सी. झाली, लग्न झालं, शिंदखेड्याच्या शाळेत सायन्स शिकवू लागली. कुंदाबाई झाली. पण सरांनी त्या उन्हाळ्याची एक पुस्तिका छापली होती, जाड कागदाची, तीन गावांच्या तक्त्यांची. जळगावच्या तक्त्यात एक रकाना जास्त आहे. तळाशी बारीक अक्षरात: 'लोट्या ९, श्रीमती धनकुंवरबाई यांजकडून.' एक प्रत मला द्यायचा कुंदाचा हट्ट होता, माझ्या ट्रंकेत ती अजून आहे, मुकुटाच्या शेजारी. आणि दर सुट्टीला कुंदाबाई शाळेतल्या दोन मुली निवडून अंगणात ती परात मांडायची. मी एकदा बघायला गेले होते. मुलींना तिनं पहिलं काम काय दिलं, तर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन सांगून यायचं की हे भांडं कशासाठी आहे. आणि तरीही कोणाला घालायचंच असेल पाणी, तर किती घालता तेवढं सांगा.

पण मला आठवतो तो पंधरा जून. शेवटचा दिवस. दक्षिणेकडे ढग आलेले, आमचं सामान ट्रकवर चढत होतं. धनकुंवरबाईंनी कुंदाला म्हटलं, "माझं पान वाचून दाखव." त्यांना वाचता येत नव्हतं. कुंदानं पहिल्या पानापासून मागाहून आखून भरलेला रकाना वाचायला सुरुवात केली. "नऊ. नऊ. नऊ." बाई माळ ओढल्यासारखी मान हलवत होत्या. "नऊ. नऊ. शून्य. शून्य."

"थांब," बाई म्हणाल्या. "ते दोन तसे ठेवू नकोस. मी आज अठरा लोट्या जास्त घालते. तू तिथे नऊ-नऊ लिही."

मोलकरणीनं घागर आणलीच होती. मी कुंदाकडे बघत होते. दीड महिन्यापूर्वी मीच तिला हे सांगितलं होतं, आणि आता एक म्हातारी बाई हात जोडल्यासारखी मागत होती.

कुंदानं वही मिटली नाही. बाईंचा हात धरून त्या दोन शून्यांवर ठेवला.

"आजी, तुमचे सगळे नऊ खरे आहेत, हे या शून्यांनीच सांगितलं मास्तरांना. हे भरले तर मग कोण सांगणार?"

हात काढून घेत बाई म्हणाल्या, "मग राहू दे." आणि रोजच्या नऊ लोट्या घालायला वळल्या.